तीन राजे हातात, तरी मिसळीचं बिल माझ्याच माथी

पत्त्यांचा कट्टा : वाचकांचे प्रश्न

या वेळी रमी, मेंढीकोट सगळं मागे पडलं. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पोकरच, आणि तेही दोघांदोघांतलं, म्हणजे ज्याला खेळणारे हेड्स-अप म्हणतात ते. पहिलं पत्र लांबलचक आहे पण जवळजवळ पूर्ण छापतेय, कारण बाकीच्या चारपाच जणांचं दुखणंही तेच आहे. पोकर न खेळणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख : प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, टेबलावर दोघांची मिळून पाच, त्यातली पहिली तीन एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. सुरुवातीला सक्तीने घालायचे ते ब्लाइंड, जमलेला सगळा ढीग म्हणजे पॉट. दर फेरीला काही न लावता पुढे जाणं म्हणजे चेक, लावणं म्हणजे बेट, तेवढेच घालणं कॉल, वाढवणं रेझ. पाच पानं एका रंगाची (सगळी बदाम, सगळी इस्पिक) तो फ्लश, ओळीने पाच तो स्ट्रेट, तीन सारखी अधिक दोन सारखी ते फुल हाउस.

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोथरूडचा, नाव छापू नका कारण आमचा साडू पण हे मासिक वाचतो. दर शनिवारी रात्री जेवणं झाली की बायका गप्पा मारत बसतात आणि आम्ही दोघं पोकर खेळतो, पैसे नाहीत, प्लॅस्टिकचे काउंटर प्रत्येकी २००, ब्लाइंड १ आणि २, ज्याचे संपतील त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ खिलवायची. तर गेल्या शनिवारी पत्ते मी वाटले, मला राजांची जोडी आली, इस्पिक आणि चौकट. मी ६ केले, त्याने कॉल केलं, पॉट १२. फ्लॉपला आला बदाम राजा, बदाम नव्वी आणि किलवर चव्वी. तीन राजे! आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा साधा ठेवला. त्याने चेक केलं, मी पण मुद्दाम चेक, म्हटलं आत्ता बेट केली तर घाबरून पळेल. टर्नला बदाम छक्की. त्याने ८ लावले, मी कॉल. रिव्हरला इस्पिक दुर्री. त्याने २० लावले, मी म्हटलं आता वसूल करायची वेळ आली, ६० केले, तर पठ्ठ्याने सगळेच पुढे ढकलले, मी पण आता एवढे घातलेच आहेत म्हणून कॉल केलं. त्याच्याकडे बदाम सत्ती-अठ्ठी, फ्लश. रविवारी सात जणांची मिसळ, वर ताक वेगळं. मला सांगा हे नशीब की मी चुकलो? आणि भारी पानं आली की नक्की करायचं तरी काय?

उत्तर : नशिबाकडे नंतर येते. तुम्ही त्या डावात पाच वेळा ठरवलंत, त्यातलं ६ करणं बरोबर, टर्नचा कॉल बरोबर, फ्लॉपचा चेक महाग, आणि रिव्हरला जे दोनदा केलंत त्याबद्दल जरा रागावणारच आहे.

आधी फ्लॉप. "घाबरून पळेल" असं लिहिलंयत, पण पळणार कोण आणि थांबणार कोण हे मोजलंत का? तुम्हाला पाच पानं दिसतायत, उरली ४७, त्यातून साडूच्या हातात दोन असायच्या एकूण १,०८१ जोड्या होतात. आता राजावाला माणूस तुम्हाला सगळ्यात जास्त पैसे देणार, पण तीन राजे तुम्हीच अडकवून बसलात, उरला एकटा किलवर राजा, त्याच्यासकटच्या जोड्या फक्त ४६. (हेच तुमच्याकडे चव्व्यांची जोडी असती आणि त्याच फ्लॉपला तीन चव्व्या झाल्या असत्या तर दोन पानांत निदान एक राजा असलेल्या जोड्या १३५ निघतात, तिपटीएवढ्या. म्हणजे नुसती ताकद बघितली तर तीन राजे भारी, पण गिऱ्हाईक चव्व्यांना जास्त.) इथपर्यंत तुमच्या चेकच्या बाजूने बोलतेय बरं का मी. समोरच्याकडे देण्यासारखं काही नसेल तर बेट करून उपयोग काय, हा विचार अगदीच खुळा नाही.

पण टेबलावर दोन बदाम होते! न दिसलेले बदाम ११, त्यांच्या जोड्या ५५. म्हणजे राजावाल्यांपेक्षा बदामवालेच जास्त. आणि बदामवाला माणूस फ्लॉपला पळत नाही हो, त्याला अजून दोन पानं बघायची असतात, तो पैसे देतो आणि खुशीत देतो. ती सत्ती-अठ्ठी तुम्ही ८ लावले असते तरी हललीच नसती. नव्वीवालाही एक बेट तरी देतोच, दोघांच्या खेळात मधली जोडी म्हणजे बऱ्यापैकी माल असतो. फक्त बदामवाल्या गिऱ्हाइकाची गंमत अशी की तो रिव्हरच्या आधीच गिऱ्हाईक असतो. शेवटचं पान पडलं की एकतर त्याचा फ्लश लागलेला असतो आणि तो तुम्हालाच लुटतो, नाहीतर हात रिकामा असतो आणि तो एक काउंटर देत नाही. त्याच्याकडून वसुली करायची ती फ्लॉप आणि टर्नलाच, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच दुकान १ ते ४ बंद ठेवलंत.

आकडे बघा म्हणजे पटेल. पुढच्या एका पानात फ्लश लागायची शक्यता ४७ पैकी ९, साधारण १९ टक्के. दोन्ही पानं मिळाली तर ३५ टक्के. १२ च्या पॉटमध्ये तुम्ही ८ लावले तर त्याला २८ च्या पॉटसाठी ८ द्यावे लागतात, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के तरी शक्यता हवी, आणि एका पानाला त्याच्याकडे आहे १९. तोट्याचा सौदा. तो करू द्यायचा त्याला! तुम्ही त्याला पान फुकट दाखवलंत.

आता यातली जी गोष्ट माझ्याही डोक्यात फार उशिरा शिरली ती म्हणजे पॉट गुणाकाराने वाढतो. समजा तुम्ही प्रत्येक फेरीला पॉटएवढी बेट लावताय आणि समोरचा कॉल करतोय. १२ चे ३६, ३६ चे १०८, १०८ चे ३२४. तुमचे स्वतःचे गेले ६ अधिक १२ अधिक ३६ अधिक १०८, म्हणजे १६२, तेवढेच त्याचेही. फ्लॉपची एक फेरी सोडून दिलीत तर १२ चे ३६, ३६ चे १०८, बस, त्याच्याकडून मिळाले ५४. एक फेरी गाळली आणि वसुली तिसऱ्या हिश्श्यावर आली. शिवाय पॉटएवढ्या तीन बेटा लावूनसुद्धा त्याचे २०० संपतच नाहीत, आणि लोक म्हणतात घाई काय आहे.

अजून एक. पत्ते तुम्ही वाटले होते, म्हणजे दोघांच्या खेळात छोटा ब्लाइंड तुमचा, फ्लॉपच्या आधी पहिले बोलणार तुम्ही आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीला शेवटी बोलणारही तुम्हीच. शेवटी बोलणाऱ्याने चेक केलं की फेरी तिथंच मिटते. पहिला बोलणारा चेक करतो तेव्हा समोरच्याला बेट लावायची संधी तरी असते, सापळा लागू शकतो. तुमच्या सापळ्याला दारच नव्हतं.

टर्नचं मात्र बरोबर केलंत. बदाम छक्की पडली, तिसरं बदाम, त्याने २० मिळवायला ८ मागितले. फ्लश लागला असं धरून चाललं तरी तुमच्याकडे दहा पानं होती, तीन नव्व्या, तीन चव्व्या, तीन छक्क्या आणि तो किलवर राजा, यातलं काहीही आलं की फुल हाउस किंवा त्याहून भारी. शिवाय प्रत्येक वेळी फ्लश असतोच असं नाही. कॉलच.

आणि मग रिव्हर. पॉट २८, त्याने २० लावले. तुम्ही ६० केलेत तेव्हा मला फक्त एवढं सांगा, तुमच्यापेक्षा हलकं कुठलं पान ६० ला कॉल करणार होतं? टेबलावर तीन बदाम, नव्वीवाला पळणार, दोन जोड्यांवाला बहुतेक पळणार, थांबणार तो फ्लशवाला. आपल्याहून हलके सगळे पळतात आणि वरचढ तेवढे थांबतात अशी बेट किंवा असा रेझ कधीही करायचा नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवायला सांगेन, पानं कितीही भारी असोत. तुम्हाला फ्लॉपला उकळ्या फुटल्या त्या रिव्हरपर्यंत फुटतच राहिल्या, पण दोन पानांनी तुमचे तीन राजे साधेच करून टाकले होते. नुसतं कॉल करून पानं उघडली असतीत तर गेले असते ६ अधिक ८ अधिक २०, एकूण ३४. गेले २००.

शेवटचा कॉल "एवढे घातलेच आहेत म्हणून". घातलेले ते पॉटचे झाले, तुमचे राहिले नाहीत, सोडा त्यांना. समोर होतं काय, १२६ द्या आणि ४०० चा पॉट मिळवा, म्हणजे साडेएकतीस टक्के वेळा तरी तुम्ही जिंकायला हवं. साडू अशा जागी दहातून तीन-चार वेळा रिकाम्या हाताने सगळे काउंटर ढकलतो का? तुम्ही दर शनिवारी त्याच्यासमोर बसता, मला विचारायची गरजच नाही. मला तरी तो माणूस सरळमार्गी वाटतोय, लागलं तेव्हा लावलं.

मग मुद्दाम चेक करायचंच नाही का? करायचं की. फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची, अशा टेबलावर ना फ्लशची भीती ना स्ट्रेटची, तिथं त्याला एक पान फुकट दिलंत तर फारसं बिघडत नाही, त्याला एखादी जोडी लागू दे, मग पैसे देईल. किंवा समोरचा असा हवा की ज्याला कोणी चेक केलं की हात शिवशिवतात. १९८८ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या फायनलला लास वेगासमध्ये जॉनी चॅनने एरिक सायडलला असंच पकडलं. चॅनकडे किलवरचे गुलाम-नव्वी, फ्लॉपला राणी, दश्शी, अठ्ठी, म्हणजे तयार स्ट्रेट, आणि पुढे टेबलावर त्याहून मोठं काही होऊच शकलं नाही. सायडलच्या हातात एक राणी, म्हणजे टेबलावरची धरून राण्यांची जोडी. शेवटचं पान पडल्यावर चॅनने गपचूप चेक केलं आणि सायडलने सगळे चिप्स पुढे ढकलले. लोकांना यातला गपचूप चेक तेवढा लक्षात राहतो. चॅन पहिला बोलत होता, त्याला हरवणारं पान नव्हतं, आणि समोरच्याकडे द्यायला खरोखर काहीतरी होतं, या तीन गोष्टी कोणी सांगतच नाही. तुमच्या डावात यातलं एकही नव्हतं.

(मी हे शहाणपण शिकवतेय पण पुणे-मुंबई पासवर जायचे त्या काळात गुडघ्यांवर पेपर पसरून आमचा ग्रुप खेळायचा, तेव्हा कर्जत ते खंडाळा एवढ्या अंतरात मी एकदा तीन एक्के असेच लपवून लपवून घालवलेत. घाट संपला तेव्हा माझे काउंटर पण संपले होते.)

राहता राहिलं नशीब. फ्लॉपला ८ लावले असतेत तरी साडूने कॉल केलंच असतं आणि बदाम छक्की आलीच असती, तेव्हा गेल्या रविवारची मिसळ कदाचित तुमच्याच माथी होती. पण तीच बदाम चव्वी आली असती तर त्याचा फ्लश आणि तुमचं फुल हाउस, मग सात जणांचं बिल कोणी भरलं असतं बघा.

प्रश्न : बाणेरहून लिहितेय. माझं उलटं आहे. मी बेट केली की नवरा पत्ते टाकतो, चेक केलं की तोही चेक. परवा फुल हाउस आलं आणि मिळाले किती, तर ४ काउंटर. भारी पानं येऊन उपयोग काय?

उत्तर : तुम्ही फक्त भारी पानं आल्यावरच बेट करता ना? त्यांना ते कळलंय. संसार एवढी वर्षं केल्यावर कळणारच, तुम्ही चष्मा वर सरकवला तरी कळत असेल.

त्यांची बाजूही सांगते. हातात दोन वेगवेगळी पानं असली की फ्लॉपला निदान एक जोडी लागायची शक्यता ३२ टक्के, म्हणजे तीनदा खेळलं की दोनदा त्यांच्या हातात काहीच नसतं, मग टाकणार नाहीत तर काय करतील. हा माणूस एवढा टाकतो ना, मग भारी पानांची वाट बघत बसू नका, रिकाम्या हातानेच लावा. १२ च्या पॉटमध्ये ४ लावले तर चारातून एकदा जरी त्यांनी टाकलं तरी तुमची बरोबरी होते, आणि ते तर त्याहून कितीतरी जास्त वेळा टाकतायत. महिनाभर असं करा. मग चिडतील, "दर वेळी कशी काय येतात गं तुला पानं" म्हणत नव्वीच्या जोडीवर कॉल करायला लागतील, आणि त्या दिवशी तुमच्या फुल हाउसला किंमत येईल.

फुल हाउसला मात्र फ्लॉपला एक चेक चालतो. तिथं बदामवाल्याची भीती नाही, लागू दे त्याला फ्लश, उलट हवाच आहे. तरी कधीकधी समोर काही नसतंच, तेव्हा ब्रह्मदेव आला तरी ४ च मिळणार. घ्यायचे आणि पुढचा डाव पिसायचा.

प्रश्न : एक्क्यांची जोडी आली की मी फ्लॉपच्या आधी नुसतं कॉल करतो, मित्राला कळू नये म्हणून. रूमवर आम्ही दोघंच असतो. बरोबर का? (कर्वेनगर, इंजिनीअरिंग तिसरं वर्ष)

उत्तर : नाही रे बाबा. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून सरासरी एकदा येते, आणि कुठल्याही दोन पानांसमोर पाचही पानं पडेपर्यंत ती साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. एवढी मोठी सवलत हातात असताना पॉट लहान ठेवून काय मिळवायचंय? आणि तू एरवी रेझ करत असशील आणि एक्के आले की तेवढे गप्प बसत असशील तर मित्राला दोन आठवड्यात समजेल, गप्प बसला की एक्के. दर वेळी सारखंच कर, वाटणारा तू असशील तेव्हा बहुतेक पानांवर तेवढाच रेझ, एक्क्यांवरही तेवढाच. गर्दीत लपलेलं सापडत नाही.

इंजिनीअरिंगचा आहेस म्हणून सांगते. २०१५ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी सेफियस नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला, दोघांचं पोकर, पण ज्यात रेझची रक्कम ठरलेली असते ते लिमिटवालं. आयुष्यभर खेळलं तरी त्याच्यावर खात्रीने मात करता येणार नाही इतका तो पक्का. तो वाटणारा असताना पहिल्या चालीला नुसतं कॉल जवळजवळ कधीच करत नाही, एकतर रेझ नाहीतर पानं टाकतो. आणि गंमत म्हणजे तोच प्रोग्रॅम रेझवर रेझ होत गेले की वाटणाऱ्याच्या जागेवरून शेवटचा रेझ एक्क्यांवरही जवळजवळ करत नाही, कॉल करून थांबतो. तोपर्यंत पॉट फुगलेला असतो ना, मग लपायला हरकत नाही. आधी पॉट, मग लपाछपी.

आणि ८५ म्हणजे १०० नाही. सातातून एकदा एक्के मार खातात, तेव्हा मित्राच्या अंगावर उशी फेकायची नाही.

प्रश्न : आम्ही मित्र पैसे लावून खेळलो तर कायद्यात बसतं का? आणि मोबाइलवरचे पैशांचे डाव बंद झाले ते का? (निगडी)

उत्तर : थोडक्यात सांगते, मी वकील नाही. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतं का यावर न्यायालयांचं एकमत नाही, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचाच खेळ म्हटलं. ऑनलाइनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, कौशल्याचा असो की नशिबाचा. तेव्हा काउंटर लावा. कोथरूडच्या मिसळीचं कायद्यात काय होतं ते मला विचारू नका.

प्रश्न : आमच्या कॅटमधल्या इस्पिक राजाच्या पाठीवर बाकरवडीच्या तेलाचा डाग पडलाय, लांबूनही दिसतो. मी आणि सासरे रोज दुपारी खेळतो. मी नवीन कॅट आणू म्हटलं तर सासरे म्हणतात कशाला खर्च, चाललंय की. तोपर्यंत काय करू? (सदाशिव पेठ)

उत्तर : जोकरवर पेनाने इस्पिक राजा लिहा आणि डागाळलेला बाजूला काढा, पाठ सगळ्यांची सारखीच असते. पुढचा कॅट प्लॅस्टिकचा घ्या, पुसता येतो आणि पावसाळ्यात फुगत नाही. आणि सासरे नवीन कॅट का नको म्हणतायत हे तुमच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.